वाडा पाडायचा कुणी?

मे महिना उतरणीला लागला की जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दारांवर महापालिकेच्या नोटिसा डकवल्या जातात. भद्रकाली, तांबट लेन, सराफ बाजार, रविवार कारंजा आणि नदीपलीकडे पंचवटी. मजकूर दर वर्षी जवळपास तोच असतो. आपली इमारत धोकादायक झाली आहे, ती रिकामी करून उतरवून घ्यावी, दुर्घटना घडल्यास जबाबदारी आपली राहील. जुलैत कुठे तरी भिंत ढासळते, पेपरात फोटो येतो, अधिकारी पाहणी करून जातात. दिवाळीपर्यंत नोटिशीचा कागद पिवळा पडतो. वाडा उभाच असतो आणि पुढच्या मेमध्ये त्याच दारावर नवा कागद लागतो.

बाहेरून पाहणाऱ्याला हे अजब वाटतं. महापालिकेकडे कायदा आहे, यंत्रं आहेत, पोलीस बंदोबस्त मागवायची सोय आहे. मग वाडा पडायची वाट का पाहायची? ऑगस्ट २०१८ मध्ये जुन्या तांबट लेनमधला एक वाडा कोसळला आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतरही धोकादायक वाड्यांची यादी संपली नाही.

खरं सांगायचं तर पुनर्विकासात पाडणं हे सगळ्यात कमी दिवसांचं काम. घोडं अडतं ते त्याआधीच्या कागदावर. पाडायचं कुणी, पैसे द्यायचे कुणी, निघालेलं सामान कुणाचं आणि रिकाम्या जागेवर परत यायचा हक्क कुणाचा, या चार प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर असावी लागतात. या प्रकरणात आपण हाच कागद, म्हणजे पाडकामाचा ठेका, नीट उलगडून पाहू.

कलम २६४ आणि पालिकेचे हात

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. महानगरपालिका झाली ती ७ नोव्हेंबर १९८२ रोजी. तिचा कारभार ज्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतो, त्यात मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी कलम २६४ आहे. इमारत पडायला आली आहे असं आयुक्तांना दिसलं, तर ते मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी नोटीस देऊन ती पाडायला, टेकू द्यायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. मालकाने काही केलं नाही तर पालिका स्वतः ते काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. कलम २६८ खाली इमारत रिकामी करून घेता येते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना कलम २६५-अ नुसार संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते.

तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच मोठी दुरुस्ती चालेल. सी-३ला किरकोळ डागडुजी पुरते. वाड्यातल्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा या एका अक्षरात आणि आकड्यात असतं. मालकाला सी-१ हवा असतो, भाडेकरूला सी-२बी. दोघंही आपापला अभियंता आणतात आणि एकाच भिंतीचे दोन अहवाल तयार होतात.

अनधिकृत बांधकाम पाडणं हा निराळा विषय. तिथे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पंधरा दिवसांची नोटीस आणि पाडकामाचं चित्रीकरण बंधनकारक केलं. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामं त्यातून वगळली. वाडा मात्र अनधिकृत नसतो. त्यातल्या माणसांचा राहण्याचा हक्क शाबूत असतो, फक्त छप्पर शाबूत नसतं. म्हणूनच पालिकेला हातोडा उचलणं जड जातं.

निविदा निघते कशी

पालिकेने काम स्वतः करायचं ठरवलं तर आधी अंदाजपत्रक बनतं. शासनाच्या दरसूचीप्रमाणे घनमीटरमागे, मजुरामागे, यंत्राच्या तासामागे दर लावले जातात. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता आणि ई-निविदा. ठेकेदार बयाणा रक्कम भरून दोन लिफाफे देतो. पहिल्यात अनुभवाचे दाखले, नोंदणी आणि यंत्रांची यादी असते, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा पास झाला तरच दुसरा उघडतो. ज्याचा दर सगळ्यात कमी तो एल-१. दर अंदाजपत्रकापेक्षा फारच खाली गेला तर ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतात, कारण अतिस्वस्त काम अर्धवट सोडून जाण्याचा धोका असतो.

ठरावीक रकमेपुढचा ठेका आयुक्तांना एकट्याने देता येत नाही, त्याला स्थायी समितीची मंजुरी लागते. सोळा नगरसेवकांची ही समिती म्हणजे पालिकेच्या तिजोरीची किल्ली. मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतरचा दीर्घ काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करणार. फाइल भरभर हलली तरी माझ्या गल्लीतली सामाईक भिंत कुणाची, हे विचारणारा माणूस सभागृहात नव्हता.

मंजुरीनंतर ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो. त्यात मुदत, दंड, विमा आणि मलबा टाकायची जागा लिहिलेली असते, निदान असायला हवी.

वाडा वरून खाली उतरतो

पाडकाम म्हटलं की डोळ्यांपुढे पोकलेनचा दात येतो. जुन्या नाशकात तो दात बऱ्याच गल्ल्यांत शिरतच नाही. दोन दुचाक्या समोरासमोर आल्या की एकीने मागे यायचं, अशा रुंदीच्या वाटा. तिथे पहार, घण, टिकाव, फावडं आणि घमेलं हीच यंत्रसामग्री.

वाड्याची रचना समजली की पाडण्याचा क्रम आपोआप समजतो. खाली दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. हा झाला कडीपाट. फळ्यांवर मातीचा जाड थर घालून वरच्या मजल्याची जमीन केलेली असते. भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. भार पेलतो तो लाकडी सांगाडा, पण त्याला सरळ उभं धरतात भिंती. गोदावरीला मोठा पूर आला की पाणी सराफ बाजारापर्यंत चढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, जिच्यावरून नाशिककर पूर मोजतात ती दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा ते असंच चढलं होतं. अशा वेळी भिंतींची पायथ्याची माती भिजून फुगते, खांबाचं बूड कुजतं आणि सांगाडा हळूच एका अंगाला झुकतो.

पाडकामातल्या सुरक्षिततेसाठी आयएस ४१३० ही भारतीय मानक संहिता आहे. तिचं सार एका ओळीत सांगता येतं: जे शेवटी बांधलं ते आधी काढा. आधी महावितरणकडून वीज तोडून घ्यायची, मग पाणी आणि गॅस. त्यानंतर काचा आणि तावदानं. मग कौलं किंवा पत्रे, वासे, आणि माळ्यावरची माती. या मातीकडेच नवखे लोक दुर्लक्ष करतात. वरून पडलेला राडारोडा मजल्यावर साठत गेला आणि त्यात पावसाचं पाणी मुरलं की कड्या अचानक मोडतात आणि माणसांसकट सगळं खाली येतं. म्हणून घमेल्याघमेल्याने माती आधी उतरवायची, मग फळ्या, कड्या, तुळया. जिना शेवटपर्यंत राखायचा, कारण मजुरांना खाली यायची वाट तीच.

दुसरी अडचण शेजारची. गावठाणातले वाडे खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि दोन वाड्यांत एकच सामाईक भिंत असते. एक वाडा काढला की दुसऱ्याचा आधार जातो. जाणता ठेकेदार आधी शेजारच्या भिंतीला आडवे टेकू देतो, मग स्वतःच्या बाजूला हात घालतो. हे टेकू अंदाजपत्रकात धरलेले नसले तर एल-१ ठेकेदार ते पदरच्या पैशाने देणार नाही. पुढच्या पावसात शेजारच्या वाड्याला तडा जातो आणि नोटिशींच्या यादीत एका नावाची भर पडते.

पैसा उलटा वाहतो तेव्हा

पाडकामाचा ठेका इतर ठेक्यांपेक्षा एका बाबतीत मुलखावेगळा आहे. रस्ता बांधायला पालिका पैसे देते. इमारत पाडायला मात्र कधी कधी ठेकेदारच मालकाला पैसे मोजतो, कारण आत सामान असतं.

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळाखोल्यांचं उदाहरण घ्या. खोली मोडकळीला आली की तिचं निर्लेखन होतं, म्हणजे ती सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून वजा केली जाते. मग कौलं, लाकूड, लोखंड, दगड यांची किंमत काढून लिलाव होतो. इथे सगळ्यात जास्त बोली लावणारा जिंकतो आणि पाडून, उचलून, जागा साफ करून देतो. एक पद्धत एल-१ची, दुसरी लिलावाची. काम तेच, दिशा उलटी.

मधला मार्गही असतो. नोएडातले सुपरटेकचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आले, ते काम मुंबईच्या एडिफिस कंपनीने दक्षिण आफ्रिकेच्या जेट डिमॉलिशनबरोबर केलं. तेव्हा छापून आलेल्या आकड्यांनुसार खर्च साडेसतरा कोटींच्या आसपास होता. त्यातले सुमारे पाच कोटी विकासकाने द्यायचे आणि बाकीचे ठेकेदाराने लोखंड-भंगार विकून उभे करायचे होते. त्याच कंपनीने २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पुण्यातल्या चांदणी चौकातला पूल उडवला. तिथे सुमारे सहाशे किलो स्फोटकं वापरूनही पुलाचा काही भाग उभा राहिला आणि तो यंत्रांनी काढावा लागला. जुनं बांधकाम आत किती दणकट आहे, हे पाडायला घेतल्याशिवाय पुरतं कळत नाही.

वाड्यात लोखंड फारसं नसतं, सागवान असतं. शंभर-दीडशे वर्षं मुरलेल्या लाकडाच्या तुळया, कोरीव खांब, महिरपी, भक्कम दरवाजे. जुन्या लाकडाच्या वखारीत याला रोख गिऱ्हाईक असतं आणि कोरीव नगाची किंमत पार मुंबईच्या चोर बाजारापर्यंत चढत जाते. म्हणून ‘निघालेला माल ठेकेदाराचा’ हे तीन शब्द करारात सहज येऊन बसतात आणि मालकाला, विशेषतः परगावी गेलेल्या आठ-दहा वारसांना, त्याची किंमत कळत नाही. जिथे माल ठेकेदाराचा, तिथे लाकूड जपून उतरतं आणि भिंती बेफिकिरीने ढकलल्या जातात. जिथे माल पालिकेचा, तिथे सगळंच भराभर ढासळतं.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये यावर नियमच केला. १९१६ किंवा त्याआधी बांधलेली घरं यंत्राने चिरडायची नाहीत, हाताने उतरवून लाकूड पुन्हा वापरात आणायचं. पुढे ही मर्यादा १९४० पर्यंत वाढवली. आपल्याकडे गल्लीच्या रुंदीने हेच काम हाताने करायला लावलं आहे. उतरवलेल्या मालाची यादी करून ती किंमत मालक आणि भाडेकरूंच्या हिशेबात धरायची, एवढंच बाकी आहे.

मलबा जातो कुठे

केंद्र सरकारच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी दिवसाला वीस टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टनांहून जास्त मलबा काढणाऱ्यावर जबाबदारी टाकली. त्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असे चार ढीग वेगळे करायचे आणि आधी पालिकेकडून आराखडा मंजूर करून घ्यायचा. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरली.

एकटा वाडा पाडताना असली मर्यादा फार कुणी मोजत नाही. दहा वाड्यांचा एकत्र पुनर्विकास असेल तर मोजावीच लागते. वाड्याच्या मलब्यात माती भरपूर असल्याने तो निरुपद्रवी वाटतो आणि भरावाला म्हणून नदी-नाल्याकाठी पोचतो. नदीपात्र तेवढं अरुंद होतं आणि पुढच्या पुरात पाणी पुन्हा वाड्यांच्याच जोत्यांना लागतं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. गोदाकाठची मातीची गढी, जिला लोक काझीची गढी म्हणतात, ती नुसती खचणारी टेकडी नाही. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासून सातवाहन काळ ओलांडून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. आज तिच्या कडेला घरं आहेत आणि पावसाळा आला की त्या रहिवाशांना हलायला सांगितलं जातं. गावठाणात नव्या इमारतीचा पाया खणताना जेसीबीचा खोरा याच जुन्या वस्तीत शिरतो. खापर दिसलं तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवायचं, अशी ओळ ठेक्यात घालायला खर्च येत नाही.

वाडा पडला, हक्क पडला?

आता चौथा आणि खरा प्रश्न. वाड्यातला भाडेकरू पडक्या छपराखाली जीव मुठीत धरून का राहतो? त्याला धोका कळत नाही असं अजिबात नाही. त्याची भीती वेगळी आहे: एकदा बाहेर पडलो की परत आत येणार नाही. महिन्याचं भाडं नाममात्र, ताबा आजोबांपासूनचा, हातात फक्त भाडेपावत्या. मालकालाही त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. दोघंही वाट पाहतात. पावसाळा येतो आणि जातो.

कायदा भाडेकरूला वाटतो तितका त्याच्या विरोधात नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. भाडेहक्क फक्त भिंतींवर नसतो, जमिनीवरही असतो. पण हक्क आहे हे ठाऊक असणं वेगळं आणि आपण नेमक्या किती जागेत राहत होतो हे पाच वर्षांनी सिद्ध करणं वेगळं. वाडा जमीनदोस्त झाल्यावर ‘माझी खोली इथे होती’ म्हणायला भिंतच उरत नाही.

मुंबईत उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं. मालकाला सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यावा लागतो. त्याने दिला नाही तर रहिवाशांच्या संस्थेला संधी, आणि तीही पुढे आली नाही तर म्हाडाने भूसंपादन करून बांधायचं. त्याखालच्या नोटिसांवरून पुढे उच्च न्यायालयात वाद झाला, तरी नोटिशीला पुढचं पाऊल जोडण्याची कल्पना त्यात आहे. नाशिकच्या वाड्यांना उपकर नाही, त्यामुळे ही साखळीही नाही. नोटीस पाडायला सांगून थांबते.

वरळीत आधी काय झालं

आधी हक्काचा कागद आणि मग पाडकाम, असा क्रम उलटा लावला तर काय घडतं, ते मुंबईच्या बीडीडी चाळींत दिसतं. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासाला २०१७ मध्ये मुहूर्त लागला तरी गाडी बरीच वर्षं रखडली, कारण रहिवासी खोल्या सोडेनात. आधी पात्रता ठरवा, करार हातात द्या, मग घर रिकामं करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

अखेर तसंच करावं लागलं. म्हाडाने पात्रता याद्या केल्या, करार केले, संक्रमण शिबिरात जागा किंवा महिना २५,००० रुपये भाडं दिलं आणि मग चाळी टप्प्याटप्प्याने पाडल्या. वरळीत पाडणं आणि बांधणं एकाच ठेक्यात होतं, टाटा प्रोजेक्ट्सच्या नेतृत्वाखालच्या गटाकडे. त्यामुळे पाडून पैसे घेऊन निघून जाण्याची वाट बंद झाली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

नाशिकची अडचण वेगळी आहे हे कबूल. बीडीडीची जमीन सरकारची, वाड्याची दहा वारसांची. मिळकत पत्रिकेवर मेलेल्या माणसांची नावं, एखादा वारस परदेशात, एखाद्याचा कोर्टात दावा. प्लॉट चिंचोळा, समोरचा रस्ता अरुंद, आणि बांधकामाची परवानगी रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून. सामासिक अंतरं सोडली की भाडेकरूंना परत द्यायलाच जागा पुरत नाही, विकायला कुठून उरणार? म्हणून विकासक फिरकत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत समूह विकासाची तरतूद आहे. अनेक लहान मिळकती एकत्र आणायच्या, आतले बोळ पुन्हा आखायचे आणि जादा बांधकामाच्या बदल्यात सगळ्यांना घर द्यायचं. नाशिकच्या गावठाणासाठी ही चर्चा अनेक वर्षं चालली आहे. पण दहा वाडे एकत्र यायचे तर दहा वाड्यांतल्या लोकांचा आधी एकमेकांवर विश्वास बसायला हवा, आणि तो दरवर्षीच्या नोटिशीने बसत नाही.

पाडण्याआधीचा पंचनामा

समूह विकास मार्गी लागेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. सी-१ वर्गातला वाडा पाडावाच लागतो आणि तो पाडण्याआधी एक दिवस पुरेल असं काम आहे. पालिकेचा अभियंता, मालक आणि सगळे भाडेकरू यांनी मिळून पंचनामा करायचा. प्रत्येक खोलीचं टेपने माप, कोण राहतं, किती वर्षं, भाडेपावती, वीजबिल, फोटो. सामाईक भिंत कोणत्या बाजूची आणि तिला टेकू कोण देणार. लाकडाचे नग किती आणि माल कुणाचा. मलबा कोणत्या जागी टाकायचा. या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेऊन त्याची प्रत पाडकामाच्या ठेक्याला जोडायची आणि एक प्रत प्रत्येक भाडेकरूच्या हाती द्यायची.

यासाठी नवा कायदा लागत नाही, बाहेरून निधी लागत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतील, घाट सजतील, त्यासाठी मोठमोठे ठेके निघतील. जुन्या नाशकातल्या भाडेकरूला त्याच्या खोलीचं माप लिहिलेला, सही-शिक्क्याचा एक कागद मिळाला, तर वाडा रिकामा करायला त्याच्यामागे पोलीस लावावे लागणार नाहीत. तो स्वतःच सामान बांधेल.